दोन सेकंदांचे बाबा

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही पुराव्यासाठी आहे. आईशी झालेल्या तहानुसार मी विद्यापीठात एक सत्र काढायचं. सत्र संपल्यावर "सगळा वेळ फुकट गेला" असं मला तिला पटवून देता आलं, तर लॉन्ड्र्यांचे मालक झटपटराव यांच्याकडे नोकरीला लागायला मी मोकळी. तेव्हा रोज जे जे फुकट जाईल ते इथे लिहायचं आणि शेवटी तिला वाचून दाखवायचं. आईला पुराव्याशिवाय काही पटत नाही. आमच्या लॉन्ड्रीत गिऱ्हाइकांकडून "हा डाग तुमच्याकडेच पडला" हे इतक्यांदा ऐकलंय तिने, की आता सख्ख्या आईने सांगितलं तरी ती कापड उजेडात धरून बघेल.

आजचा पुरावा. प्रोग्रामिंगचा पहिला तास, आणि वर्गात संगणक एकही नाही. बाई आल्या, खडूंचं खोकं टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "लॅपटॉप बंद. काही दिवस यंत्र म्हणजे तुम्हीच." मी बाराव्या वर्षापासून प्रोग्राम लिहिते. पोहता येणाऱ्या माणसाला काठावर बसवून पाण्याचं चित्र काढायला लावलं तर त्याला कसं वाटेल? बाईंचं नाव मी खडूबाई ठेवलं आहे.

येताना बस चुकली, उशीर झाला. बाबा आमच्या इमारतीखाली बाकावर बसले होते. "हवा खातोय," म्हणाले. समोर कचऱ्याचा डबा. कसली हवा खात होते कोण जाणे.

५ ऑगस्ट, मंगळवार

फिर्याद नीट लिहायची तर पार्श्वभूमी हवी.

आमची लॉन्ड्री कोपऱ्यावर आहे. पुढे काउंटर, मागे दोन मोठी मशीन, वाफेची इस्त्री आणि छताला टांगलेले हँगर. काउंटरवर आत्या बसते आणि आलेल्या प्रत्येक कपड्याला नावं ठेवते. तिथल्या जुन्या संगणकावर, गिऱ्हाइकं नसताना, मी प्रोग्रामिंग शिकले. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघायचे, चुकायचं, परत बघायचं. वर्षभरात मी लॉन्ड्रीचा सगळा कारभार प्रोग्रामवर आणला. कपडा आला की नोंद, धुऊन झाला की नोंद, तयार झाला की गिऱ्हाइकाच्या फोनवर निरोप.

प्रोग्राममध्ये एकेका कामाला एकेक कामगार असतो, त्याला फंक्शन म्हणतात. त्यांना नावं द्यावी लागतात. मी घरातली दिली. कपडा तपासून खोट काढणारी 'आत्या'. मागेल त्याला पावतीचा नंबर देणारे 'मामा', कारण आमचे मामा कशालाच नाही म्हणत नाहीत. सगळं लक्षात ठेवून कप्प्यात लिहून ठेवणारी 'मावशी'. त्या कप्प्यातून फोन नंबर उचलून जगाला बातमी देणारी 'काकू'. आमच्या काकूला बातमी कळली की ती शेजारच्या इमारतीत आधी पोचते, मग आमच्या घरात. आणि 'बाबा'.

सुरुवातीला निरोप भलत्याच माणसांना जायचे. एकदा वैतागून मी मावशी आणि काकू यांच्या मधे दोन सेकंदांची विश्रांती टाकली, आणि सगळं सुरळीत झालं. का झालं ते विचारायचं नाही. बरं झालं ना, मग झालं. आई तेव्हा मागे उभी होती. "हा मधला काय करतो?"

"काही नाही. नुसता थांबतो."

"मग बाबा नाव ठेव," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो. बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

बाबा चश्म्याच्या दुकानात काचा घासतात. बोलतात दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन "हं."

तर असा हा प्रोग्राम झटपटरावांनी पाहिला. शहरभर त्यांच्या लॉन्ड्र्या आहेत. ते चालता चालता बोलतात, बोलता बोलता जेवतात, आणि समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात. त्यांना प्रोग्राम हवा आहे आणि तो चालवायला मीही हवी आहे. आई म्हणाली, "एक सत्र. मग बघू." ते म्हणाले, "सत्र म्हणजे किती लांबलचक!" पण कबूल झाले. आईपुढे सगळेच कबूल होतात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पुरावा. गणिताचे सर भिंतीवर स्लाइड लावतात आणि त्यावर लिहिलेलंच वाचून दाखवतात. आम्हाला वाचता येत नाही असा त्यांचा समज असावा. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा अर्धा वर्ग डुलकीत होता, आणि मला वाटतं सरही.

हे पान आईला दोनदा वाचून दाखवणार.

२४ ऑगस्ट, रविवार

एक निरीक्षण. हल्ली बाबांना भूक उशिरा लागते. मी कितीही वाजता पोचले तरी त्यांचं जेवण व्हायचं असतं. आई म्हणते, "त्यांना नाहीच लागत लवकर." वयाचा परिणाम असेल. पण रविवारी मी घरी असले की मात्र आठाच्या ठोक्याला पाटावर हजर! पोटालाही आठवड्याची सुट्टी कळते म्हणजे कमालच.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज अदलाबदल होती. खडूबाईंची ही खास रीत. प्रत्येकाने आपला प्रोग्राम कागदावर आणायचा, दुसऱ्याला द्यायचा, आणि दुसऱ्याने तो वर्गापुढे समजावून सांगायचा. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. माझा प्रोग्राम शंकासुराकडे गेला. शंकासूर म्हणजे माझ्या पुढच्या बाकावरचा. हात कायम वर. त्याचे आईवडील दोघंही शिक्षक आहेत, त्यामुळे घरी प्रश्न विचारायची संधी मिळत नसावी, सगळे इथे विचारतो.

मी मनातून खूश होते. म्हटलं, आता कळेल यांना खरा चालणारा प्रोग्राम कसा असतो. बाकीच्यांचे सगळे पुस्तकी खेळ, माझ्याकडे खरी लॉन्ड्री!

शंकासूर उभा राहिला. पान उलटलं. परत मागे आला.

"बाई, आत्या आलेल्या प्रत्येकाला हाकलतेय, हे बरोबर आहे का? आणि मामा काहीच तपासत नाहीत. कोणीही या, घेऊन जा."

वर्ग खिदळायला लागला.

"काकू आणि मावशीचं एकमेकींशी बोलणं नाही असं दिसतंय. आणि हे बाबा काय करतात ते मला कळलेलं नाही. काढून टाकले तर?"

"नको!" मी ओरडले. तोंड उघडायचं नसतं हे विसरूनच गेले. "ते काढले की बिघडतं."

"का बिघडतं?" खडूबाईंनी विचारलं.

"ते नाही माहीत. पण बिघडतं."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, *नाव वाचून काम कळलं पाहिजे.*

"आमच्या घरी कळतं," मी म्हटलं.

"घराबाहेरच्याला कळलं पाहिजे. उद्या तू तिथे नसलीस तर?"

"मी कुठे जाणार आहे?"

"नोकरीला," बाई म्हणाल्या. यांना कोणी सांगितलं कोण जाणे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाच वर्षं चाललेल्या प्रोग्रामला नावं ठेवायला यांच्या खडूचं काय जातं?

बसथांब्यावर उतरले तर बाबा. "इकडे कुठे?" तर म्हणे "सहज." निवृत्तीला अजून अवकाश आहे आणि आत्ताच असे सहज फिरायला लागलेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शंकासूर आज लॉन्ड्रीत आला. बाईंनी जोडी लावली आहे आमची, सत्राच्या शेवटापर्यंत माझा प्रोग्राम दोघांनी मिळून सुधारायचा. मी त्याला काउंटरवर बसवलं. तासाभरात घामाघूम. एका आजोबांनी पावती हरवली होती. एका बाईंनी नवऱ्याच्या नावाने कपडे टाकले होते आणि घ्यायला आल्या माहेरच्या नावाने. एकाला आपला फोन नंबर आठवेना, आणि तो स्वतःवर न चिडता शंकासुरावर चिडला.

"हे पुस्तकात नाही," शंकासूर म्हणाला.

"आत्या गिऱ्हाइकांना का हाकलते ते कळलं आता?"

"कळलं," तो म्हणाला, आणि आत्याने काउंटरवरून त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरचा शाईचा डाग दाखवला. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

पुराव्यात हेही लिहून ठेवते, वर्गात पहिला येणाऱ्याला माझं काम एक तास झेपलं नाही. पण पोरगा वाईट नाही. जाताना सगळ्यांचे चहाचे कप धुऊन गेला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

झटपटराव आज लॉन्ड्रीत येऊन गेले. हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. कपडा आला, नोंद झाली, मग... मग... मग निरोप गेला.

"हे मधे काय? गाडी अडकली?"

"दोन सेकंद थांबतो प्रोग्राम."

"कशासाठी?"

मी काउंटरवरच्या पावत्या सरळ करायला लागले.

"एका कपड्याला दोन सेकंद. माझ्याकडे दिवसाला किती कपडे येतात माहीत आहे? काढून टाक. पुढच्या आठवड्यात आमच्या मुख्य दुकानात दाखवायचं सगळ्यांना. सासरेबुवाही येणार आहेत, पैसा त्यांचाच."

मी म्हणणार होते की ते काढता येत नाही. पण "का?" असं त्यांनी विचारलं असतं. वर्गासमोर एकदा तोंडावर आपटले तेवढं पुरे. दुकान बंद झाल्यावर काढले बाबा. चारदा चालवून बघितलं, काही बिघडलं नाही! उगाच घाबरत होते इतकी वर्षं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला हात होत नाही. पण लिहायचं तर मीच ठरवलंय.

मुख्य दुकान म्हणजे थाटच होता. चकचकीत काउंटर, सहा मुली कपडे घ्यायला. झटपटरावांनी घरच्या सगळ्यांचे कपडे नमुना म्हणून आणले होते. सासरेबुवा मधोमध खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून. सहाही काउंटरवर एकदम कपडे घेतले. मी बटण दाबलं. फोन वाजायला लागले.

सासरेबुवांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचलं, "आपला गुलाबी झालरीचा गाउन तयार आहे. घेऊन जावा."

कोणी हसेना. मग त्यांचा हिशेबनीस म्हणाला, "मला लहान बाळाची दुपटी आलीत." तो बिनलग्नाचा आहे. झटपटरावांच्या बायकोला सासरेबुवांच्या लोकरी बंड्या आल्या, ते त्यातल्या त्यात घरातल्या घरात राहिलं. झटपटरावांना काहीच आलं नाही आणि ते बिचारे परत परत खिसा चाचपत होते.

मी बाबा परत घातले. दोन सेकंद. तरी दोन निरोप चुकले, कारण इथे सहा काउंटर होते, आमच्याकडे एक. मग पाच सेकंद केले, तर काउंटरवर रांग लागली. झटपटराव म्हणाले, "कमी केलं तर चुकतं, वाढवलं तर तुंबतं. का?"

तोच तो प्रश्न. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पाच वर्षं मला सगळं येत होतं. हे एवढंच येत नव्हतं, आणि नेमकं हेच विचारलं.

"सोमवारपर्यंत सांग म्हणावं हिला," सासरेबुवा मला सांगायचं सोडून जावयाला म्हणाले. मी तिथेच उभी होते.

घरी आले तर रडूच आलं. आई डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिने "बघ, मी सांगत नव्हते?" असं म्हटलं नाही, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर असणार. बाबा जेवायचे थांबले होते. मी म्हटलं, "मला नको जेवण." ते म्हणाले, "हं." अर्ध्या तासाने बाहेर आले तर ताट तसंच, आणि बाबाही तसेच. मग जेवलो आम्ही दोघं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेपूट घालून खडूबाईंच्या खोलीत गेले. शंकासूर बरोबर होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सगळं सांगितलं. गाउनपर्यंत आल्यावर बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला.

"चल वर्गात," त्या म्हणाल्या.

रिकामा वर्ग. बाईंनी शंकासुराला फळ्याशी उभं केलं. "तू मावशी. मी नंबर सांगते, तू फळ्यावर लिहायचास. सावकाश, सुवाच्य." मला म्हणाल्या, "तू काकू. फळ्यावर दिसेल तो नंबर घ्यायचास आणि दाराबाहेर जाऊन ओरडायचंस."

"आणि बाबा?"

"बाबा मी." बाई मधे उभ्या राहिल्या, डोळे मिटले. "मी मनात दोन मोजणार, मग हात वर करणार. हात वर झाला की काकू सुटली."

पहिला नंबर बरोबर गेला. दुसऱ्याच्या वेळी बाईंनी लांबलचक नंबर सांगितला. शंकासूर जुना पुसून नवा लिहीत होता, अजून निम्माही झाला नव्हता, बाईंचा हात वर. मी धावले, फळ्यावर अर्धा जुना, अर्धा नवा, तोच ओरडले. बाहेरून जाणारा शिपाई दचकला.

मी दारातच थांबले. काकू मावशीचं लिहून व्हायच्या आधीच पळते! एवढंच होतं. आमच्या छोट्या लॉन्ड्रीत मावशीला घाई नव्हती, दोन सेकंदांत तिचं लिहून व्हायचं. सहा काउंटर झाले, ती मागे पडली. आमच्याकडे मी चारदा चालवला तेव्हा तर दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं!

"मग बाबांनी किती मोजायचं?" मी विचारलं. "तीन? चार?"

"मोजायचंच कशाला?" बाईंनी डोळे उघडले. "किती वेळ थांबायचं हे आधी ठरवून थांबलं, की कधी कमी पडतं नाहीतर जास्त होतं. बघ आता." त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शंकासूर लिहायला लागला. बाई नुसत्या बघत होत्या. त्याने मुद्दाम वेळ लावला, एक आकडा पुसून परत गिरवला. बाई हलल्या नाहीत. त्याने खडू खाली ठेवला आणि त्याच क्षणी त्यांचा हात वर गेला.

"तिचं होईपर्यंत थांबायचं. कितीही लागो. आणि झालं की क्षणभरही जास्त नाही."

का कोण जाणे, मी ते वाक्य वहीत दोनदा लिहून घेतलं. आठवडाभर झोप नीट नाही, त्यामुळे असेल.

नंतर बाईंना म्हटलं, "हे मला व्हिडिओत कोणी सांगितलं नाही."

"व्हिडिओत असेल. तू विचारलं नसशील," बाई म्हणाल्या. "इथेही सगळं मिळत नाही, गणिताच्या तासाला मीही झोपले असते. पण इथे 'का?' विचारल्याशिवाय तुला कोणी सोडत नाही. बाहेर प्रोग्राम चालला की सोडतात."

शंकासूर म्हणाला, "मी कधीच सोडत नाही." हे मात्र खरं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सहा काउंटर. सगळ्यांनी एकदम कपडे घेतले. एकही निरोप चुकला नाही, आणि कुठे अडकलंही नाही. झटपटरावांचं घड्याळ निरुपयोगी ठरलं. सासरेबुवांना त्यांच्याच बंड्यांचा निरोप आला, तो त्यांनी दोनदा वाचला आणि काठी आपटून "वा" म्हणाले. झटपटरावांनी "का?" विचारलं आणि मी सांगितलं! मधे वाक्य पुरं करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही त्यांना.

मग म्हणाले, "उद्यापासून ये."

"सत्र संपायला अजून..."

"सत्र कसलं! शिकलीस ना आता? आणखी काय राहिलं? उद्या नाही तर दुसरं कोणी बघतो. मी थांबणारा माणूस नाही."

विचार करायला परवापर्यंत वेळ मागितला. तो त्यांनी कसाबसा दिला.

आता गंमत बघा. ज्या दिवसासाठी ही वही लिहीत होते तो दिवस उगवला. आईसुद्धा तह मोडायला तयार झाली. "एवढं हातात चालून आलंय, तुझं तू ठरव," म्हणाली. आणि मला ठरवता येईना. नोकरीत खरी दुकानं, खरी माणसं, स्वतःचा पगार. विद्यापीठात डुलकी, स्लाइड, आणि आठवड्यातून तीनदा खडूबाई. तराजूत टाकलं तर नोकरीचं पारडं सरळ खाली जातं. पण दोन सेकंदांसारखं आणखी काय काय माझ्या प्रोग्राममध्ये लपलंय, जे चालतंय म्हणून मी कधी विचारलंच नाही?

२२ ऑक्टोबर, बुधवार

खडूबाईंशी बोलत राहिले आणि नेहमीची बस गेली. पुढची मिळून थांब्यावर उतरले तर बाबा बाकावर, मांडीवर पेपर. दिवे इतके मंद की वाचणं शक्यच नाही.

"सहज?" मी विचारलं.

"हं."

चालता चालता मी सगळं सांगितलं. नोकरी, सत्र, पारडं. म्हटलं, "तुम्हीच सांगा काय करू." इमारत आली तरी काही बोलले नाहीत. मला राग आला. सगळ्या जगाचे वडील सल्ले देऊन देऊन जीव नकोसा करतात, आणि आमचे!

मग जिन्यात, किल्ली काढता काढता, म्हणाले, "घाई करू नकोस. मी काही कुठे जात नाही."

आत गेलो. दोन ताटं झाकून ठेवलेली. आई केव्हाच जेवली होती. बाबांनी ताटावरचं झाकण काढलं आणि इतक्या भराभर जेवायला लागले की मी बघतच राहिले. भूक लागली होती त्यांना. चांगलीच लागली होती. केव्हापासून लागली असेल?

मी मागची पानं चाळली. बाक, हवा, थांबा, पेपर, सहज. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. रविवारसुद्धा.

झटपटरावांना फोन केला. नाही म्हटलं. ते "कळलं" म्हणाले आणि माझं वाक्य संपायच्या आत ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झटपटरावांनी प्रोग्राम घेतला, मला नाही. चालवायला दुसरा माणूस ठेवला आहे, तो दिवसातून दोनदा फोन करतो. आज विचारत होता, "मॅडम, मामा बदलून काकू ठेवली तर चालेल का?" हसून हसून पुरेवाट. पण त्या बिचाऱ्याची चूक नाही, तो आमच्या घरचा नाही. शंकासूर आणि मी सगळी नावं बदलायला बसलो आहोत.

वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्या चकचकीत काउंटरच्या मागे मी स्वतःला किती वेळा बसवलं होतं! आईने विचारलं, "पुढचं सत्र?" म्हटलं, "हो. त्याच्या पुढचं तेव्हा बघू." चार वर्षांचा एकदम विचार करवत नाही, म्हणून सत्रासत्राने घेणार आहे. आणि गणिताच्या सरांना मी प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. ते जागे झाले.

आईला ही वही वाचून दाखवणार नाही. तिने विचारलंही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची अदलाबदल. आमचा प्रोग्राम मागच्या बाकावरच्या मुलीकडे गेला, तिने आमची लॉन्ड्री बाहेरूनही पाहिलेली नाही. तिने तो धडाधड वाचून दाखवला. 'आत्या'चं झालंय 'कपडा तपासा', 'मामा'चं 'नंबर द्या', 'मावशी'चं 'नोंद लिहा', 'काकू'चं 'निरोप पाठवा'. कुठे अडखळली नाही. आत्याला घरी हे सांगितलं तेव्हा ती फुरंगटून बसली होती, पण त्याला इलाज नाही.

मग मुलगी थांबली. "इथे एक नाव राहिलंय बदलायचं. बाबा."

खडूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शंकासुराचा हात वर होता, तो त्याने स्वतःच खाली घेतला.

"तू सांग," बाई मुलीला म्हणाल्या. "हे बाबा काय करतात?"

मुलीने ओळी परत वाचल्या. "मोजत नाहीत. नुसते बघत थांबतात. जिचं काम चाललंय तिचं होईपर्यंत. तिचं झालं की लगेच पुढे सोडतात."

"मग नाव बदलायचं का?"

तिने जरा विचार केला.

"नको, बाई," ती म्हणाली. "कळतंय की."